नायजर नदीवरील बिशप : सॅम्युएल अजायी क्राउथर

आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागांत नायजर नांवाची एक प्रचंड नदी आहे. ती सुमारें ४,२०० किलोमीटर वाहत येऊन अनेक मुखांनीं समुद्रास मिळते. तिच्या खालच्या कांठची जमीन सुपीक, पाऊस भरपूर, आणि रानांत आपल्या ताडासारखीं दिसणारीं एका जातीचीं झाडें विपुल. ह्या झाडांच्या फळांपासून तांबडें तेल निघतें, त्यास पामतेल म्हणतात. अशा देशांत कोणीं उपाशी राहूं नये. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील गांवेंच्या गांवें ओसाड पडत चाललीं होतीं. ह्याचें मुख्य कारण दुष्काळ नव्हे, तर माणसांचा व्यापार हें होय. पीक हातीं येईपर्यंत आपण मोकळे राहूं कीं बेड्यांत पडूं, ह्याचा ज्यास भरंवसा नाहीं, तो रान तोडून शेत कशासाठीं करील? राजे एकमेकांशीं लढत, धरलेलीं माणसें किनाऱ्यावर विकीत, आणि त्यांच्या मोबदल्यांत आलेल्या बंदुकांनीं पुनः लढत. हा देश पुनः कसा वसावा, ह्या प्रश्नास ज्यानें आपलें सारें आयुष्य वाहिलें, त्याचें चरित्र येथें सांगावयाचें आहे.

इ.स. १८०९ च्या सुमारास योरुबा लोकांच्या ओशोगुन नांवाच्या गांवीं अजायी ह्याचा जन्म झाला. १८२१ सालीं एके दिवशीं सकाळीं गुलाम धरणाऱ्यांनीं त्या गांवास वेढा देऊन तें जाळिलें. अजायीच्या बापानें घरच्यांस पळून जाण्याची खूण केली व तो लढावयास परतला. त्याची व मुलाची पुनः भेट झाली नाहीं. आई, बहिणी व अजायी हीं दोरखंडांत बांधलीं गेलीं. पुढें एका घोड्याच्या बदल्यांत अजायीस देण्यांत आलें. घोडा पसंत न पडल्यामुळें त्यास परत घेण्यांत आलें. नंतर तंबाखू व दारू ह्यांच्या मोबदल्यांत तो पुनः विकला गेला. जनावरालाहि जी किंमत यावी ती ह्या बारा-तेरा वर्षांच्या मुलास आली नाहीं. शेवटीं लागोस येथें पोर्तुगीज व्यापाऱ्यांनीं त्यास विकत घेऊन एप्रिल १८२२ मध्यें जहाजावर चढविलें.

परंतु देवाची योजना निराळी होती. गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठीं त्या किनाऱ्यावर इंग्रजांचीं आरमारी जहाजें फिरत असत. त्यांनीं तें जहाज पकडलें आणि अजायी सिएरा लिओन येथें मुक्त झाला. तेथें चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळेंत तो सहा महिन्यांत वाचावयास शिकला. त्याबरोबर सुतारकामहि शिकला. ११ डिसेंबर १८२५ रोजीं त्याचा बाप्तिस्मा होऊन त्यानें सॅम्युएल क्राउथर हें नांव घेतलें. १८२७ सालीं फूरा बे येथें उघडलेल्या विद्यालयाच्या पटावर पहिलें नांव त्याचेंच आहे. त्याची पत्नी सुसान हीहि त्याच्याप्रमाणेंच गुलामांच्या जहाजावरून सुटलेली होती.

त्या काळीं थॉमस फॉवेल बक्स्टन नांवाच्या इंग्रज गृहस्थानें असें प्रतिपादन केलें होतें कीं, केवळ आरमारानें हा व्यापार थांबणार नाहीं. आफ्रिकेंतील लोकांना पवित्र शास्त्र व नांगर हीं दोन्हीं मिळालीं पाहिजेत. माणसें विकण्यापेक्षां जमिनीचें उत्पन्न विकणें अधिक फायद्याचें ठरलें, म्हणजे हें पाप आपोआप क्षीण होईल. ह्या विचारानें १८४१ सालीं तीन आगबोटी नायजरवर पाठविण्यांत आल्या व त्यांत क्राउथर होते. लोकोजा येथें नमुन्याची शेती घातली गेली. परंतु हिंवतापानें सर्व बेत धुळीस मिळविला. सुमारें १४५ गोऱ्या माणसांपैकीं १३० तापानें पडलीं व चाळिसांच्या वर मेलीं. शेती सोडून द्यावी लागली. ह्यावरून क्राउथर ह्यांनीं जो बोध घेतला तो फार मोलाचा आहे. ह्या देशाचें काम व्हावयाचें तर तें ह्या देशाच्या हवेंत जगणाऱ्या, येथल्या भाषा बोलणाऱ्या माणसांनींच केलें पाहिजे, असें त्यांच्या मनानें घेतलें.

१८४३ सालीं इंग्लंडांत त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली आणि १८४६ सालीं ते अबेओकुटा ह्या योरुबा शहरीं आले. हें शहर लढायांतून पळून आलेल्या निराश्रित लोकांनीं वसविलेलें होतें. तेथें येऊन फार दिवस झाले नाहींत तोंच, ज्या आईपासून त्यांची पंचवीस वर्षांपूर्वीं ताटातूट झाली होती, ती अफाला त्यांस भेटली. दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें आणि किती तरी वेळ त्यांच्या तोंडून शब्द निघेना. १८४८ सालीं तिचा बाप्तिस्मा झाला व तिचें नांव हन्ना ठेवण्यांत आलें. शमुवेलाच्या आईचें नांव आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

अबेओकुटा येथें नांगराचा व शास्त्राचा विचार प्रत्यक्षांत उतरूं लागला. सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन ह्यांनीं मँचेस्टरच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या मदतीनें सरकी काढण्याचीं यंत्रें व गठ्ठे बांधण्याचे दाब तेथें पाठविले. आफ्रिकी तरुणांस तें काम शिकविण्यांत आलें आणि शेतकऱ्यांच्या घरचा कापूस इंग्लंडास जाऊं लागला. इकडे क्राउथर ह्यांनीं योरुबा भाषेचा शब्दकोश व व्याकरण तयार केलें आणि शास्त्राच्या भाषांतरास हात घातला. बाजारांत, शेतांत, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं जे शब्द येत ते टिपून घेऊन त्यांनीं हें काम केलें. इतरांच्या साहाय्यानें चाललेलें हें काम १८८४ मध्यें पुरें होऊन संपूर्ण पवित्र शास्त्र योरुबा भाषेंत वाचावयास मिळालें.

१८५४ सालीं डॉ. बेकी ह्यांच्या नेतृत्वाखालीं पुनः एक आगबोट नायजरवर गेली. ह्या वेळीं सर्वांस नेमानें क्विनाईन देण्यांत आलें आणि एकहि गोरा मनुष्य दगावला नाहीं. १८५७ सालीं क्राउथर ह्यांनीं ओनित्शा येथें इग्बो लोकांत कामास आरंभ केला. तेथें नेमलेले पाळक टेलर हे मुक्त झालेल्या इग्बो आईबापांच्या पोटीं सिएरा लिओनमध्यें जन्मले होते. त्याच वर्षीं पुढें जात असतां त्यांची आगबोट खडकावर आपटून फुटली, तरी क्राउथर कांठावरील लोकांत राहून त्यांच्या भाषा शिकत राहिले.

२९ जून १८६४ रोजीं कॅंटरबरी येथें त्यांस बिशप करण्यांत आलें. इंग्लंडच्या मंडळीनें आफ्रिकी मनुष्यास हें पद पूर्वीं कधींहि दिलें नव्हतें. नायजरच्या मिशनांत त्यांचे सारे सोबती आफ्रिकीच होते. काम कठीण होतें. नदीस पूर असेल तेवढेच महिने मोठी आगबोट वर जाई. पाणी ओसरलें कीं वरच्या ठाण्यांशीं दळणवळण जवळजवळ तुटे. शिवाय कित्येक वर्षें मिशनापाशीं स्वतःची बोट नव्हती, म्हणून बिशपसाहेबांस व्यापाऱ्यांच्या बोटींवर अवलंबून राहावें लागे. देशाच्या दुःखासहि नवें रूप आलें होतें. पामतेलास साबण, मेणबत्त्या व यंत्रें ह्यांसाठीं युरोपांत मोठी मागणी होती. परंतु तेल काढावयास व वाहावयास हात पाहिजेत, म्हणून समुद्रापार जाणारे गुलाम थांबले तरी देशांतल्या देशांत गुलाम विकत घेणें चालूच राहिलें. शिवाय तेलाच्या मोबदल्यांत पिंपेंच्या पिंपें जिन दारू येऊं लागली. नुसता व्यापार वाढला म्हणजे गांव सुधारतो असें नाहीं; त्याचा लाभ कोणाच्या घरीं जातो, हें पाहावें लागतें.

क्राउथर म्हातारे झाले तेव्हां क्विनाईनमुळें गोऱ्या लोकांस तो देश राहण्यासारखा झाला होता, आणि त्यांची दृष्टि पालटली होती. १८८६ सालीं एका इंग्रज कंपनीस नायजरवरील राज्यकारभाराची सनद मिळाली. ब्रास येथील लोक पिढ्यान् पिढ्या तेलाचा व्यापार करीत आले होते. त्यांस आपल्याच नदीवर परकें ठरवून जबर कर लादण्यांत आले, आणि १८९५ सालीं त्यांनीं कंपनीच्या आकासा येथील ठाण्यावर हल्ला केला. मंडळींतहि तसेंच झालें. इंग्लंडाहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांनीं क्राउथर ह्यांच्या हाताखालील बहुतेक कामगारांस अयोग्य ठरविलें. त्यांपैकीं कांहींचे दोष खरे होते, ह्यांत संशय नाहीं. परंतु शेंकडों मैलांवर विखुरलेल्या, वर्षांतून थोडेच महिने बोट दिसणाऱ्या ठाण्यांवरील माणसांच्या चुका धीरानें सुधारण्याऐवजीं सर्वांवरचाच विश्वास काढून घेतला गेला. १८९० सालीं वृद्ध बिशपसाहेबांच्या देखत त्यांच्या पाळकांस निलंबित करण्यांत आलें. त्यांनीं त्या कमिटीचा राजीनामा दिला. ३१ डिसेंबर १८९१ रोजीं लागोस येथें त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या जागीं गोऱ्या मनुष्याची नेमणूक झाली.

परंतु पेरलेलें बीं मेलें नाहीं. १८९२ सालीं नदीच्या मुखाकडील मंडळ्यांनीं त्यांचे पुत्र डॅन्डेसन ह्यांच्या नेतृत्वाखालीं स्वतःच्या वर्गणीवर आपलें काम चालविण्याचें ठरविलें, आणि कोळी व तेलविके ह्यांच्या पैशानें उपासनामंदिरें उभीं राहिलीं. क्राउथर ह्यांचे नातू हर्बर्ट मॅकॉले हे नायजेरियाच्या राष्ट्रीय चळवळीचे एक जनक झाले. आणि २०१४ सालीं, त्यांच्या दीक्षेस १५० वर्षें झालीं तेव्हां, त्याच कॅंटरबरींत आर्चबिशपांनीं ह्या थोर पुरुषास दिलेल्या वागणुकीबद्दल मंडळीच्या वतीनें क्षमा मागितली.

प्रिय वाचकहो, एखाद्या देशाची जमीन चांगली असून लोक दरिद्री कां राहतात, ह्याचा शोध करितांना हें चरित्र आठवावें. औषध, यंत्र, आगबोट हीं बाहेरून आणतां येतात व आणलींहि पाहिजेत. परंतु गांवाच्या मनुष्यावर गांवाचें काम सोंपविण्यास जो विश्वास लागतो, तो जहाजावर भरून आणतां येत नाहीं. तो क्राउथर ह्यांच्यावर एका पिढीनें ठेविला आणि दुसरीनें काढून घेतला. दोहोंचीं फळें नायजरच्या कांठीं दिसून आलीं. आमच्या प्रत्येक मंडळींत, प्रत्येक पंचायतींत कोणी तरी असाच अजायी बसलेला असेल. त्याच्या हातीं काम द्यावें, त्याची चूक झाल्यास त्यास जवळ बसवून ती दाखवावी, आणि काम मात्र त्याच्या हातून काढून घेऊं नये.