रामा राघोबा राणे : भूसुरुंगांतून रणगाडे नेणारे परमवीर

कारवारजवळच्या चेंदिया गावात २६ जून १९१८ रोजी जन्मलेले राणे पोलीस शिपायाचे चिरंजीव. १९४० मध्ये ते सैन्यात गेले, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. ब्रह्मदेशात ते जपान्यांशी लढले.

एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीला निघालेल्या आपल्या रणगाड्यांच्या वाटेत शत्रूने सुरुंग पेरले होते. ८ तारखेला ते काढायला सुरुवात होताच तोफगोळे आले. दोन जवान गेले, पाच जखमी. राणेंच्या मांडीला लागलं, तरी ते मागे हटले नाहीत. पुढे रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत त्यांनी तो सुरुंगांतून पार नेला! हे काम ११ तारखेपर्यंत चाललं.

सुरुंग लढाई संपली म्हणून निकामी होत नाहीत. पाऊस आणि दरडींमुळे ते जागाही बदलतात. त्यामुळे सांताक्रूझच्या विमानतळावरून जम्मूमार्गे राजौरी-पूंछ फिरायला जाणार असाल तर नियंत्रण रेषेजवळ मळलेली वाट सोडू नका, अनोळखी वस्तूला हात लावू नका, दगडही मारू नका. सुरुंगांच्या जागेत शिरल्याचं लक्षात आलं तर जागीच थांबा, सोबतच्यांना सावध करा, मदत मागवा. कोणी जखमी झालं तरी त्याच्याकडे धावू नका. शेजारी दुसरा सुरुंग असू शकतो.

राणेंना १९५० मध्ये परमवीर चक्र जाहीर झालं. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. अंदमानातल्या एका बेटाला २०२३ पासून त्यांचं नाव आहे.