डॉ. आनंदीबाई जोशी व समुद्रापारचे टपाल

गेल्या पावसाळ्यात वरोर गावच्या आमच्या एका विद्यार्थ्याने परदेशातील एका संग्रहालयास माहिती विचारण्यासाठी पत्र लिहिले, आणि उत्तराची सोय म्हणून आत आपला पत्ता घातलेले दुसरे पाकीट ठेवून त्यावर भारताचे तिकीट चिकटविले. पत्र टाकण्यापूर्वी ते दाखवावयास तो आमच्याकडे आला, तेव्हा आम्हांस त्याचे कौतुक वाटले व थोडे हसूही आले. ज्या देशाच्या पेटीत पत्र पडावयाचे, त्याच देशाचे तिकीट त्यावर लागते. आपले तिकीट तिकडे निरुपयोगी. मग परतीचे हशील पाठवावे तरी कसे, असे त्याने विचारले. त्यास उत्तर देता देता आमचे मन दीडशे वर्षांमागे गेले, आणि ज्या मुलीचे सारे आयुष्य समुद्रापारच्या एका पत्राने पालटले, तिचे चरित्र आमच्या बालवाचकांस सांगावे असे वाटले.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. माहेरचे नाव यमुना, घराणे कल्याणचे. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर व वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे असून पोस्ट खात्यात कारकून होते. बायकोस शिकवावयाचे हा त्यांचा हट्ट, आणि तो पुरा करण्याची रीत पुष्कळदा कठोर. ती कठोरता येथे झाकून ठेवण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस पुत्र झाला व तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळती तर मूल वाचते, हे शल्य त्यांच्या मनात राहिले व त्यांतूनच डॉक्टर होण्याचा निश्चय उपजला.

गोपाळरावांची नोकरी फिरतीची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, पुढे बंगाल, असे त्यांचे बिऱ्हाड हलत राही. 1878 साली त्यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांस पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. वाइल्डर यांनी साहाय्यास धर्मांतराची अट घातली; ती ह्या दांपत्यास मान्य झाली नाही. मिशनच्या शाळेच्या अंकातही ही गोष्ट आहे तशी सांगणेच बरे. तथापि वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि 1880 साली न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नामक बाईंच्या हाती ते मासिक पडले. त्या दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. चाळता चाळता त्यांनी तो मजकूर वाचला, आणि लवकरच एक पत्र भारताच्या वाटेस लागले.

येथे थोडे टपालाविषयी. हे पत्र दहा वर्षे आधी निघते तर त्याचे हशील ठरविणे हे एक गणितच झाले असते. ज्या ज्या देशांतून पत्र जाई त्या त्या देशाचा वाटा निराळा, मार्ग बदलला की दर निराळा. 9 ऑक्टोबर 1874 रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे 22 देशांनी टपालसंघ स्थापिला व हा घोळ मिटविला. अमेरिका त्यात आरंभापासून होती. भारत 1 जुलै 1876 रोजी सामील झाला. संघाचा मूळ दर 15 ग्रॅमच्या पत्रास 25 सांतीम, अमेरिकेच्या नाण्यात 5 सेंट. लांबच्या समुद्रप्रवासास अधिक आकार घेण्याची मुभा होती. तिकीट न लावता पत्र टाकले तर घेणाऱ्यास दुप्पट भुर्दंड. आणि सर्वांत शहाणपणाचा नियम असा होता की, ज्या देशाने तिकीट विकले त्यानेच ते पैसे ठेवावे. प्रत्येक पत्रास बहुधा उत्तर येतेच, तेव्हा जाणे व येणे यांची फिट्टंफाट होते. प्रत्येक पत्राची वाटणी कशास करीत बसा! आमच्या विद्यार्थ्याचे तिकीट परदेशी का चालत नाही, याचे मर्म ह्याच नियमात आहे.

आनंदीबाईंच्या घरी ह्या विद्येचा जाणकार नवराच होता. देशातल्या पत्रास अर्ध्या तोळ्यास अर्धा आणा पडे, परदेशी पत्र अर्ध्या औंसाच्या मापाने तोलावयाचे. अर्धा औंस म्हणजे सव्वा तोळ्यास किंचित कमी. मजकूर एवढ्यात बसला तर एक हशील. एक पान जास्त झाले की दुसरे. 1878 च्या पॅरिस परिषदेने उत्तराचे हशील आधीच भरलेल्या जोडकार्डास वाट करून दिली होती, परंतु मनातले दुःख उघड्या कार्डावर कोण लिहील? पाकिटातूनच पत्रे जात राहिली. सुएझचा कालवा 1869 पासून खुला होता, तरी आगबोट, युरोपातील रेल्वे व पुन्हा आगबोट असा प्रवास करून पत्र पोचावयास महिना उलटून जाई. उत्तर हाती येईतो ऋतू पालटलेला असे.

कार्पेंटरबाईंस आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या. आपले रीतिरिवाज, बालविवाह, बायकांची दुखणी, धर्म, सर्व काही त्यांनी मावशीस लिहिले. आनंदीबाईंची प्रकृती खालावल्याचे कळताच मावशींनी अमेरिकेतून औषधे धाडली. तीन वर्षांत एकमेकींचे तोंडही न पाहता माय-लेकींसारखा जिव्हाळा जडला. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपण अमेरिकेस का जातो व हिंदू म्हणूनच परत का येणार हे लोकांस सांगितले. गोपाळराव मागे राहिले. 7 एप्रिल रोजी अठरा वर्षांची ही मुलगी मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने कलकत्त्याहून बोटीत बसली. 4 जून रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात मावशी तिला न्यावयास उभ्या होत्या.

आता पत्रांची दिशा फिरली. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात राहून आनंदीबाई नवऱ्याच्या पत्राची वाट पाहू लागल्या, आणि आलेल्या काही पत्रांत प्रेमाऐवजी संशय व टोमणे असत. थंडी, परके अन्न व अभ्यास यांनी शरीर झिजत होते. त्यात ही भर. त्यांची उत्तरे मात्र नम्र, पण ताठ कण्याची असत. ही पत्रे काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे आपणांस वाचावयास मिळतात, आणि ती वाचताना गोपाळरावांविषयी आदर व राग असे दोन्ही भाव आमच्या मनात एकदम येतात.

11 मार्च 1886 रोजी त्यांस एम. डी. ची पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. गोपाळरावही तोवर तेथे पोचले होते. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांस देऊ केले. परंतु क्षयाने शरीर पोखरलेले होते. वर्षाअखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या अंथरुणावरच. कोल्हापूरचे काम हाती घेणे घडले नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वय बावीस वर्षांसही महिना उणा.

आमच्या विद्यार्थ्यास हवी असलेली सोय त्यानंतर वीस वर्षांनी झाली. 1906 च्या रोम परिषदेने उत्तराचे कूपन काढले व 1907 पासून ते चालू झाले: तेव्हा ते आपल्या पोस्टात 28 सांतीमांच्या भावाने विकत घ्यावयाचे, पत्रात घालावयाचे, आणि तिकडच्या मनुष्याने ते देऊन 25 सांतीमांचे तिकीट घ्यावयाचे, अशी रीत होती. विद्यार्थ्याने हे सर्व ऐकून आतले पाकीट काढून ठेवले व पत्र तसेच टाकले.

आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी समुद्रापार मावशींकडे पाठविली. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली आहे.