मुलांच्या मनाचा सांगाती

साने गुरुजींचे नाव घेतले की 'श्यामची आई' आठवते. परंतु मुलांचे मन कोमेजण्याआधीच ते जपले पाहिजे, हे ओळखणारे वसतिगृहप्रमुख म्हणून त्यांचा परिचय आपणा विद्यार्थ्यांना फारसा नसतो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड गावी झाला. घराण्याचे पूर्वीचे वैभव तोवर ओसरले होते. शिक्षणासाठी हा मुलगा औंधला आणि पुढे पुण्याला राहिला. परक्या गावातले अर्धपोटी दिवस, फीची विवंचना आणि घरची ओढ त्याने सोसली. १९१७ साली आई गेली, तेव्हा अखेरची भेटही घडली नाही.

एम. ए. होऊन ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ साली तेथील शाळेत शिक्षक झाले. पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी उपदेशाचे डोस पाजले नाहीत. मुलांच्या विस्कटलेल्या खोल्या ते स्वतः आवरीत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक ते लिहीत. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले. घरापासून दूर असलेल्या मुलाला मन मोकळे करण्यास एक तरी भरवशाचे वडीलधारे माणूस लागते, असे आजचे मानसशास्त्र सांगते. गुरुजींनी ते आपल्या वागण्यातून दाखविले.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून झाली. त्यातला श्याम आपली भीती, हट्ट, चोरी, लाज सारे कबूल करतो. मनातले बोलण्यात कमीपणा नाही, हा धडा मराठी मुलांना त्या पुस्तकाने घरबसल्या दिला. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक काढले. पुतणी सुधाला लिहिलेली त्यांची पत्रेही प्रसिद्ध आहेत.

आणि ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपविले.

जयंतीच्या भाषणांत आपण हा प्रसंग घाईने ओलांडतो, नाही तर त्याला हौतात्म्याचा रंग देतो. दोन्ही मला बरोबर वाटत नाही. त्यामागची कारणे आज बाहेरून सांगणे योग्य होणार नाही. परंतु इतरांच्या उशाशी बसणाऱ्या माणसालाही कधी आपल्या उशाशी कोणी हवे असते, एवढे त्यातून शिकता येते. ताप आला तर वैद्याकडे जावे, हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. मनाच्या दुखण्याविषयी मात्र घरातही कोणी बोलत नसे.

आपली परिस्थिती तशी राहिलेली नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून आलेली, वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहून शिकणारी कितीतरी मुले-मुली आपल्यात आहेत. कुणी पहाटेची कसारा लोकल धरते, कुणी नापास झाल्याचे घरी सांगत नाही. वाशिंदहून लोकलने जाता येईल अशा ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली मानसिक आरोग्याची संस्था आहे. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून विनामूल्य बोलता येते.

तो क्रमांक आपण वसतिगृहाच्या आणि वाचनालयाच्या फलकावर लिहून ठेवू या. बाकावरचा शेजारी चार दिवस गप्प असेल, तर त्याला बाजूला घेऊन विचारू या. आणि आपल्यालाच असह्य झाले, तर एखाद्या सरांना वा बाईंना तसे सांगण्याचा संकोच करू नये. गुरुजींची जयंती अशीही साजरी होऊ शकेल.