दोन हजार रुपयांची तडजोड

विवाह मोडण्याची वाटच नसलेल्या काळात डॉ. रखमाबाईंना आपल्या विवाहाविरुद्ध लढावे लागले. मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी जन्मलेल्या रखमाबाईंचे वडील त्यांच्या बालपणीच वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी लावण्यात आले. मात्र त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. माहेरीच राहून त्यांनी वाचनाचा व्यासंग वाढवला.

१८८४ मध्ये दादाजींनी पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. जाणत्या वयात संमती न देता झालेल्या, कधीही एकत्र न नांदलेल्या विवाहात स्त्रीला बळजबरीने पतीच्या हवाली करणे त्यांना रास्त वाटले नाही. अपिलात चक्र उलटे फिरले. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी महिनाभरात पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगण्याचा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शवली. टिळकांच्या 'केसरी'ने त्यांच्यावर कठोर टीका केली, तर बेहरामजी मलबारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

अखेर जुलै १८८८ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. हा घटस्फोट नव्हे; सुटला तो केवळ दावा, विवाह कागदोपत्री तसाच राहिला. दादाजींनी दुसरे लग्न केले. त्यांना ती मुभा होती, रखमाबाईंना नव्हती.

१८८९ मध्ये त्या लंडनला गेल्या आणि वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १८९५ मध्ये परतल्या. सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ सेवा केली. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा ज्या पतीच्या घरी त्या कधी नांदल्या नव्हत्या, त्याच्यासाठी त्यांनी वैधव्याचा पांढरा वेश स्वीकारला. हे कोडे चरित्रकारांना आजही पडते.

हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोटाचा हक्क देणारा हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, नव्वदाव्या वर्षी, रखमाबाईंचे निधन झाले. ज्या प्रकारच्या दाव्याने त्यांना न्यायालयात खेचले, त्याची तरतूद मात्र याच कायद्याच्या नवव्या कलमात कायम राहिली.