पगाराची नोकरी सोडणारे लक्ष्मणराव



शेतातल्या पंपावर ‘किर्लोस्कर’ हे नाव तुम्ही वाचले असेल. हे नाव ज्यांच्यामुळे घरोघरी पोहोचले, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्यासारखेच सीमाभागातले. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे मन मात्र पुस्तकापेक्षा चित्रे काढण्यात आणि यंत्रे न्याहाळण्यात रमे.

१८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. तेथे असे लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला यापेक्षा मोठी अडचण कोणती? रंग सुटले, परंतु यंत्रांच्या आकृत्या काढण्यास रंग लागत नाहीत. त्यांनी तो विषय पक्का केला आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळवली. ठरलेली वेळ, ठरलेला पगार. त्या काळी एवढे मिळाले की घरचे लोक निश्चिंत होत. आजही होतात!

१८९७ मध्ये त्यांची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली, आणि लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. ही गोष्ट भाषणांतून नेहमी सांगितली जाते. ऐकणाऱ्या मुलास वाटते, राग आला, नोकरी सोडली आणि कारखाना उभा राहिला. पण तसे झाले नाही. माझ्या मते महत्त्वाचा भाग त्याच्या आधीचा आहे.

नोकरीत असतानाच ते संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रे हाताळत, तांत्रिक पुस्तके वाचत. सायकल तेव्हा नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवीत आणि वडीलबंधू रामूअण्णा त्या तेथे विकत, दुरुस्त करीत. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो. म्हणजे राजीनामा दिला तेव्हा बेळगावात दुकान होते, गिऱ्हाईक होते आणि पाठीशी भाऊ होता. रामूअण्णांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, याचे मला वाईट वाटते. सायकलीच्या धंद्यात पुढे स्पर्धा वाढली तेव्हा दोघे भाऊ शेतीच्या अवजारांकडे वळले. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले. आपल्या ज्वारीच्या भागात त्याचा उपयोग समजावून सांगण्याची गरज नाही.

नंतर, १९०३ च्या सुमारास, लोखंडी नांगर तयार झाला आणि खरी परीक्षा सुरू झाली. लोखंडाने जमिनीत विष पसरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर तयार, पण घेणारा कोणी नाही. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. महिन्याच्या महिन्याला पगार घेतलेल्या माणसाने ही दोन वर्षे कशी काढली असतील, याचा पालकांनी विचार करावा. टीका ऐकून लक्ष्मणरावांनी नांगर टाकून दिला नाही, की शेतकऱ्यास अडाणीही ठरवले नाही. ते नांगरात सुधारणा करीत राहिले.

जम बसू लागला तोच बेळगाव नगरपालिकेने वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. या वेळी औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ! १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम होता, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले. ज्यांच्यावर कोणी भरवसा ठेवत नव्हते, त्यांच्या हाती त्यांनी कारखान्याची राखण दिली.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. ‘ब्रदर्स’ म्हणजे बंधू. निदान कंपनीच्या नावात तरी रामूअण्णा राहिले. पुढे पंप, उसाचे चरक, इंजिने असा व्याप वाढत गेला. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी तो आणखी मोठा केला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जेमतेम महिन्याभराने, १ नोव्हेंबरला, मुंबई राज्यातील बेळगाव आणि हैदराबाद राज्यातील आपला हुमनाबाद तालुका एकाच दिवशी म्हैसूर राज्यात आले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. बेळगावातील एका रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.