क्रेपलिन यांची कार्डे

बायपोलर विकारात उन्माद किती आणि नैराश्य किती, हे प्रमाण रुग्णागणिक वेगळे असते. कुणाला उन्मादाचेच झटके येतात. कुणी वर्षानुवर्षे उदास असतो आणि मध्येच एखादा पंधरवडा उधाणाचा. हे चिकाटीने नोंदवले जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपलिन यांनी.

१८५६ साली जन्मलेले क्रेपलिन तिशीतच आजच्या एस्टोनियात प्राध्यापक झाले. तिथल्या रुग्णांची भाषा त्यांना येत नव्हती. १८९१ मध्ये ते हायडेलबर्गला आले. तिथे ते प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवत: लक्षणे काय, झटका कधी ओसरला, घरी गेल्यावर पुढे काय झाले. असा माग ठेवल्यावर उमगले, की आज अखंड बडबडणारा आणि पाच वर्षांपूर्वी भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस, दोघांचा आजार एकच. १८९९ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी दोन्हींना एका नावाखाली आणले.

१९०४ च्या सुमारास ते जावा बेटावरच्या मनोरुग्णालयात गेले. तिथे नैराश्याचे रुग्ण क्वचितच दिसले, तेही सौम्य. क्रेपलिन यांनी याचे कारण तिथल्या लोकांच्या अपुऱ्या बौद्धिक वाढीत शोधले. एवढा काटेकोर माणूस, पण इथे गोऱ्या साहेबाचा अहंकार आड आला. उन्मादातला माणूस रात्रभर जागतो, पैसे उधळतो, भांडणे करतो; घरचे त्याला धरून दवाखान्यात आणतात. नैराश्यातली सून कोपऱ्यात बसून राहते आणि तिला आळशी म्हणतात. पनवेलमध्येही हे घडते. रुग्णालयातच मोजणी केली, तर पारडे उन्मादाकडे झुकणारच.

अमेरिकेत १४६ रुग्णांचा सुमारे १३ वर्षे आठवड्यागणिक मागोवा घेतला गेला. तो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र उन्माद येऊन गेलेल्या या रुग्णांचेही ३२ टक्के आठवडे नैराश्यात गेले होते, उन्मादाच्या लक्षणांत फक्त ९ टक्के. भारतातल्या अनेक अभ्यासांत मात्र उन्मादाचे झटके अधिक आढळतात. यात खरा फरक किती आणि मोजणीचा किती, हा प्रश्न उरतोच.

क्रेपलिन १९२६ मध्ये म्युनिकला वारले. उदास रुग्ण समोर आला की मागची वर्षे तपासायची, ही त्यांची सवय आजही उपयोगी पडते. पूर्वी कधी तीन-चार तास झोपूनही तो ताजातवाना असे का, अचानक मोठे बेत आखी का, हे नातेवाइकांनाही विचारावे लागते. कारण बायपोलरमध्ये नुसते नैराश्याचे औषध दिले, तर काही रुग्णांत उन्माद उसळतो.