हिल्डेगार्ड आणि हरवलेली पोथी

विद्यार्थी मित्रांनो, थोरांची ओळख करून घेताना या वेळी आपण जर्मनीतील एका विदुषीकडे वळणार आहोत. बिंगेनच्या हिल्डेगार्ड यांना जाऊन आठशेहून अधिक वर्षे झाली. तरीही त्यांच्या ग्रंथांवर आणि त्यांतील चित्रांवर जगभरचे अभ्यासक आजही पुस्तके लिहीत आहेत.

हिल्डेगार्ड यांचा जन्म इ. स. १०९८ मध्ये ऱ्हाईन नदीच्या परिसरातील एका सरदार घराण्यात झाला. प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. आईवडिलांनी ही मुलगी देवाच्या सेवेला वाहिली. १११२ मध्ये युट्टा नावाच्या तरुण साध्वीबरोबर त्या डिझिबोडेनबर्ग येथील मठात कायमच्या राहायला गेल्या. लॅटिन स्तोत्रे वाचायला युट्टा यांनीच त्यांना शिकवले. ११३६ मध्ये युट्टा वारल्या आणि तेथील भगिनींनी हिल्डेगार्ड यांना आपल्या प्रमुख म्हणून निवडले.

बालपणापासून हिल्डेगार्ड यांना दर्शने होत असत. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती स्वप्ने नव्हती. पूर्ण जागेपणी, उघड्या डोळ्यांनी वावरत असतानाच मनात एक विलक्षण प्रकाश दिसे आणि त्यात चित्रे उमटत. विसाव्या शतकात विज्ञानाचे इतिहासकार चार्ल्स सिंगर यांनी या प्रकाशाचा संबंध अर्धशिशीच्या विकाराशी जोडला. त्यांचे हे मत सर्वच अभ्यासक मानत नाहीत. हिल्डेगार्ड यांची स्वतःची अडचण मात्र वेगळीच होती. लोक काय म्हणतील, या भीतीने त्यांनी ही गोष्ट कित्येक वर्षे एकदोन विश्वासू माणसांपलीकडे कोणाला सांगितली नाही.

११४१ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, जे दिसते ते लिहून काढ अशी आज्ञा त्यांना दर्शनात झाली. तरीही मन धजेना. त्या आजारी पडल्या आणि अखेर लिहायला बसल्या. त्यांचे लॅटिन व्याकरण कच्चे होते. फोल्मार नावाचे भिक्षू भाषा तपासून देत, तर रिशार्डिस ही तरुण भगिनी मदतीला असे. दहा वर्षांच्या परिश्रमाने २६ दर्शनांचा ‘स्किव्हियास’ हा ग्रंथ पूर्ण झाला. त्याआधीच, ११४७-४८ च्या सुमारास, ट्रिअर येथील धर्मसभेच्या वेळी पोप तिसरे युजीन यांच्यापर्यंत त्याचा काही भाग पोहोचला होता आणि त्यांनी लेखन चालू ठेवण्यास संमती दिली होती.

पुढे, ११५० च्या सुमारास, मठाधिपतींचा विरोध असतानाही हिल्डेगार्ड यांनी बिंगेनजवळ रूपर्ट्सबर्ग येथे भगिनींसाठी स्वतंत्र मठ उभारला. दर्शनांचे आणखी दोन मोठे ग्रंथ, वनस्पती व औषधांविषयीचे लेखन, ७० हून अधिक गीते आणि राजे व पोप यांना लिहिलेली पत्रे एवढे काम त्यांनी केले. ११७८ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांची मोठी कसोटी लागली. एकेकाळी धर्मबहिष्कृत ठरलेल्या एका सरदाराचे दफन मठाच्या आवारात झाले होते. ते प्रेत उकरून काढा, असा माइंझच्या धर्माधिकाऱ्यांचा हुकूम आला. मृत्यूपूर्वी त्या माणसाचे चर्चशी समेट झाले होते, म्हणून हिल्डेगार्ड यांनी नकार दिला. शिक्षा म्हणून मठातील गायन बंद करण्यात आले. त्यांनी पत्रे लिहून लढा दिला आणि ११७९ मध्ये बंदी उठली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले.

‘स्किव्हियास’ची सर्वांत सुंदर पोथी रूपर्ट्सबर्गच्या मठाची होती. चर्मपत्रावर लिहिलेल्या या पोथीत ३५ चित्रे होती आणि त्यांत सोन्याबरोबर चांदीही वापरली होती. पहिल्याच चित्रात हिल्डेगार्ड मेणाची पाटी घेऊन बसल्या आहेत, वरून ज्वाळा त्यांच्या मस्तकावर उतरत आहेत आणि शेजारून फोल्मार डोकावून पाहत आहेत.

ही पोथी वीसबाडेनच्या ग्रंथालयात होती. दुसऱ्या महायुद्धात सुरक्षिततेसाठी ती ड्रेस्डेन शहरातील एका बँकेच्या तिजोरीत हलवण्यात आली. १९४५ मध्ये त्या शहरावर भीषण बॉम्बवर्षाव झाला आणि त्यानंतरच्या गोंधळात पोथी नाहीशी झाली. ती आजतागायत सापडलेली नाही.

परंतु सारेच बुडाले नाही. १९२७ ते १९३३ या काळात आयबिंगेन मठातील भगिनींनी मूळ पोथी समोर ठेवून तिची हुबेहूब नक्कल चर्मपत्रावर हाताने केली होती. अक्षर न् अक्षर उतरवले, चित्र न् चित्र रंगवले. पुढे युद्ध होईल आणि मूळ पोथी हरवेल, याची त्यांना काय कल्पना! मूळ पोथीची जुनी छायाचित्रे आहेत, पण ती कृष्णधवल आहेत. तिच्या रंगांचा अभ्यास आज या नकलेवरूनच करावा लागतो. त्याच मठातील दोन भगिनींनी १९५६ मध्ये जुन्या हस्तलिखितांची बारकाईने तपासणी प्रसिद्ध केली आणि हे ग्रंथ हिल्डेगार्ड यांचेच आहेत हे दाखवून दिले. २०१२ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी हिल्डेगार्ड यांना चर्चच्या आचार्यपदाचा मान दिला.

मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरीही फडक्यात बांधलेली एखादी पोथी, आजीची ओव्यांची वही किंवा पणजोबांची मोडीतील कागदपत्रे असतील. या सुट्टीत ती वडीलधाऱ्यांच्या देखत जपून उघडा. त्यातले एक तरी पान सुवाच्य अक्षरात उतरवून काढा आणि ते कोणाचे, केव्हाचे, हे विचारून खाली लिहून ठेवा. पालकांनी यात मुलांना जरूर साथ द्यावी, अशी आमची विनंती आहे.